अंदमानची सहल आणि निळे खडे

खून, दरोडे, अपहरणं असं सगळं हाताळून मी निवृत्त झालो. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. एक प्रकरण मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत लख्ख आठवतं. त्यात रक्त सांडलं नव्हतं, तिजोरी फुटली नव्हती. तरीही ते आठवलं की मला थोडी लाज वाटते.

मी तेव्हा नागपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदाराने एक पाकीट पुढे ठेवलं. तक्रारपेटीत मिळालेलं, पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं. आत चार छापील ओळी होत्या. आमच्या हद्दीतलं अमुक जोडपं नुकतंच अंदमानहून आलं आहे, त्यांनी तिथून प्रवाळ चोरून आणलं आहे, ते बैठकीतल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात फुलदाणीमागे ठेवलं आहे. सोबत एक रंगीत फोटो. पन्नाशीतली बाई गुडघाभर निळ्या पाण्यात उभी, तळहातावर एक शंख, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी तो फोटो खाली ठेवायला विसरलो.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला विचारलं होतं, आपण समुद्र पाहायला कधी जायचं? तेव्हापासून तीनदा रजा मंजूर झाली आणि तीनदा बंदोबस्तापायी रद्द झाली. चौथ्यांदा मी अर्जच केला नाही. ती विचारायची थांबली. तो फोटो हातात असताना मला कायदा आठवला नाही, हे आठवलं.

प्रवाळ घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. मी वनविभागाला कळवलं. त्यांच्या एक अधिकारी, दोन पंच, आमच्या महिला हवालदार असे आम्ही दुपारी त्या घरी गेलो.

नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आरेखक. घराणं विणकरांचं, आजोबांनंतर कुणी मागावर बसलं नव्हतं. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. पोरं पुण्यात. दारात पोलीस पाहून बाई म्हणाल्या, "पोरांले काही झालं का?"

शोकेसचा खालचा कप्पा उघडला. फुलदाणीमागे पांढरट, फांद्याफांद्यांचा, मुठीएवढा तुकडा होता. दोघंही त्याच्याकडे असे बघत राहिले, जसं घरात परकं मूल निघावं.

"हे आमचं नाही," बाई म्हणाल्या. "साहेब, आम्ही काचेच्या तळाच्या होडीतून जिवंत प्रवाळ पाहून आलो. त्याले हातसुद्धा लावू नये, हे मी पोरांले वर्गात शिकवते."

"मग हातात शंख घेतलेला हा फोटो कुणाचा?"

"पाहून वापस ठेवला जी! आणि विमानतळावर सगळ्या बॅगा तपासतात."

मी ऐकलं नाही. पंचनामा केला, तुकडा सीलबंद केला आणि दोघांना ठाण्यात आणलं. वेगवेगळ्या खोल्यांत संध्याकाळपर्यंत चौकशी चालली. मी त्यांचे मोबाइल बघितले. खारफुटीतली होडी, चिखलात पहुडलेली मगर, संध्याकाळी बेटावर उतरणारे पोपटांचे थवे, नारळपाणी पिताना एकमेकांना टेकलेले दोघं. प्रत्येक फोटोबरोबर माझा आवाज चढत गेला. "एवढं शिकलेले लोक, एवढी मौज केली, वरून चोरी?" असं मी म्हणालो. मौजेचा तपासाशी काय संबंध होता? काहीच नव्हता.

नवऱ्याने एकदा सांगितलं होतं, "घराची किल्ली माझ्या दोस्ताकडं होती, झाडांना पाणी घालाले. पण तो भावासारखा आहे." ते मी जबाबात घेतलंसुद्धा नाही. मला जे हवं होतं ते सापडलं होतं.

अटकेचे कागद तयार करायला मी रायटरला सांगितलं. वनविभागाच्या अधिकारी वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पहिले तज्ज्ञाचा अभिप्राय येऊ द्या. तोवर नोटीस देऊन सोडा." मी नाइलाजाने ऐकलं. त्यांच्या त्या वाक्याने माझी नोकरी वाचली असं मी आजही मानतो.

घरी जेवताना बायकोला प्रकरण सांगितलं. तिने चोरीबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पोपटांचं बेट खरंच असतं का?"

दोन दिवसांनी एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी आम्हाला बोलावलं. त्यांनी तुकडा भिंगाखाली दाखवला. हे प्रवाळ कित्येक वर्षांपूर्वी मेलेलं आहे, म्हणाले. त्याच्यावर गोड्या पाण्याचा क्षार चढलाय. समुद्रातून परवा आणलेल्या वस्तूवर तो येणार कुठून? मग त्यांनी ते ट्रेमध्ये धरून ब्रशने हलकेच झटकलं. फांद्यांच्या बेचक्यांतून तीन बारीक खडे पडले. गडद निळे, रंगवलेले. माशांच्या काचपेटीत तळाला घालतात ते.

मी परत त्या घरी गेलो. या वेळी दारातच बूट काढले.

"तुमच्याकडे कधी फिशटँक होता?"

"कधीच नाही," बाई म्हणाल्या. आणि नवऱ्याकडे बघायला लागल्या. तो खिडकीबाहेर बघत होता.

"सांगा नं," त्या म्हणाल्या.

"काय सांगू?"

"तुमाले माहीत आहे काय सांगायचं ते."

तो खिडकीबाहेर बघतच बोलला, "त्याच्या दुकानात होता. काउंटरवर. मासे मेले तसा काढून टाकला." आणि लगेच, "पण तो असं नाही करणार, साहेब. चौतीस वर्षं झाली आमच्या दोस्तीले."

तो मित्र महाल भागातल्या एका गल्लीत चष्म्याचं दुकान चालवायचा. लग्न केलेलं नव्हतं. दोघं तरुणपणापासून दर रविवारी पहाटे सायकलने तलावावर पक्षी बघायला जायचे. एकाच दुर्बिणीतून आळीपाळीने. अंदमानात एक काळा सुतार पक्षी आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. तो दोघांनी मिळून बघायचा, असं ठरलेलं होतं. निवृत्तीनंतर नवऱ्याने खरंच बेत आखला, पण बायकोला घेऊन.

मी साध्या कपड्यांत दुकानात गेलो, सोबत एक हवालदार. तो एका चष्म्याची दांडी बसवत होता. मी ओळख सांगितली, किल्लीबद्दल जबाब हवाय म्हणालो. त्याने खुर्ची पुढे केली. मागच्या फळीवर काचेची मोठी पेटी होती, तिच्यात जुन्या फ्रेमा भरलेल्या. फ्रेमांच्या खाली, तळाला, निळ्या खड्यांचा थर.

मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आपल्याला काय दिसलं हे आरोपीला लगेच सांगू नये, हे मी शिपायांनाही शिकवत आलो. मी विचारलं, "ते तिकडे होते तेव्हा तुमच्याशी बोलणं व्हायचं?"

"एकच डाव." त्याने स्क्रूड्रायव्हर ठेवला, मोबाइल काढला आणि मी न मागताच एक संदेश लावला. त्यात धापा टाकणारा आवाज होता: "पाहिला गा! पाहिला! काळा सुतार! एक नाही, दोन! तू पायजे होता यार!" मागे एक बाई खळखळून हसत होती. मग, "मले दाखवा नं, सरका नं जरा," असं म्हणाली. संदेश संपला. त्याखाली पाकिटातला तोच फोटो होता.

"किती वेळा ऐकला?" मी विचारलं.

"मोजलं नाही."

"त्यांनी तुम्हाला बोलावलं नव्हतं?"

"बोलावलं होतं नं. तिघं जाऊ म्हणे." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मी काहून जाऊ साहेब? कबाब में हड्डी बनाले? तिले चिमणी आन् मुनिया ओळखू येत नव्हती. तीस वर्षं आम्ही पहाटे उठून जायचो, तवा ती झोपून राहायची. आन् तो पक्षी माझ्या आधी तिनं पाहिला! माझ्या जागेवर उभं राहून!"

मी वळून फळीवरच्या पेटीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. मग त्याने दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"त्याले आत टाकायचं नव्हतं मले," तो म्हणाला. "फक्त त्या सहलीचं नाव काढलं का त्यांचं तोंड कडू व्हायला पायजे होतं. बस."

छापा, ठाणं, वेगळ्या खोल्या. त्याला हवं होतं तसंच झालं होतं, आणि ते सगळं माझ्या हातून झालं होतं.

ठाण्यात दोघा नवराबायकोंना बोलावून मी त्यांच्यासमोर वस्तुस्थिती सांगितली. मित्र मान खाली घालून बसला होता. बाई आधी बोलल्या. "भाऊजी, एका शब्दानं सांगितलं असतं तर मी घरी राहिली असती."

"नाही," नवरा म्हणाला. "नसती राहिली. आणि काहून राहावं? तिलेही पाहायचं होतं." मग तो मित्राकडे वळला. "मी तुले मेसेज पाठवला तो चिडवाले नाही गा. मले दुसऱ्या कोणाले सांगावं, ते सुचलंच नाही."

मित्र तेव्हा रडला. चौकशीत रडणारे मी पुष्कळ पाहिले. बहुतेक जण शिक्षेच्या भीतीने रडतात. हा त्या वाक्याने रडला.

मी खोटी माहिती देण्याचा, खोटा पुरावा उभा करण्याचा आणि प्रवाळ बाळगण्याचा गुन्हा नोंदवला. वनविभागाने आपली कारवाई वेगळी केली. खटला उभा राहिला तेव्हा नवऱ्याची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीला ओळखता का? तो कठड्याला धरून कितीतरी वेळ उभा राहिला. शेवटी न्यायाधीशांनीच प्रश्न पुन्हा वाचायला लावला, तेव्हा म्हणाला, "ओळखतो." त्यापुढचं सगळं खरं सांगितलं, एकही शब्द सौम्य केला नाही. त्यानंतर दोघांचं बोलणं झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. परक्याच्या सुखाने माणूस फार जळत नाही. जिथे आपण असायला हवं होतं, तिथे दुसरं कुणी उभं दिसलं की जळतो. आणि निनावी टीप हाती आली की ती देणाऱ्याचा हेतू तर तपासावाच, पण ती आपल्याला इतकी पटकन का पटली, हेही तपासावं. त्या चष्मेवाल्याचा मत्सर पाकिटातून आला आणि माझ्यातला मत्सर त्याच्या स्वागताला दारात उभा होता. त्याचा गुन्हा कागदावर आला, माझा आला नाही.

निवृत्त होण्याच्या आठवड्यात मी गणवेश न घालता त्या बाईंच्या घरी गेलो. म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो ते कायद्यातलं नव्हतं, बाई. माझ्या पोटातलं होतं. माफ करा."

त्यांनी मला चहा दिला. मग म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं. रस्त्यानं येताना यांना म्हटलं, या साहेबानं बायकोले कुठंच नेलं नसन."

मी घरी येऊन हे वाक्य बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्या बाईंचा नंबर आणला का? तिकडं जायचं तर माहिती विचाराले बरी."