ट्रेनिंग नसलेली बाई

पाहुण्यांसमोर आजींच्या मुलानं त्यांच्या अंगावरची चादर वर केली. सत्तरी ओलांडलेलं बाईमाणूस. लकव्यानं वाचा गेलेली. माकडहाडावर रुपयाएवढी जखम.

"बघा, ही या बाईची करामत," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "अडाणी. मेंढरंच वळायच्या लायकीची."

मी, आजींना सांभाळणारी बाई, पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. आजींना बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येत होतं. मला आधी त्यांच्या उघड्या अंगाची लाज वाटली. मी चादर खाली ओढली.

"राहू दे," ते ओरडले. "दिसू दे लोकांना."

मेंढरांचं त्यांना मीच सांगितलं होतं. आमचं गाव देवगाव रंगारीच्या अलीकडं, घर मेंढरांचं. सहावीनंतर शाळा सुटली. नवरा गेल्यावर शहरात आले आणि आजाऱ्यांच्या घरी बाया पुरवणाऱ्या एका ब्युरोत नाव लावलं. ब्युरोच्या मॅडमनं पांढरा ॲप्रन दिला. "कुणी विचारलं तर सहा महिन्यांचा कोर्स झालाय म्हणायचं," एवढंच माझं शिक्षण.

हे घर सिडकोतलं. मुलाचं गुलमंडीत कापडाचं दुकान. पहिल्याच दिवशी सुनेनं, म्हणजे वहिनींनी विचारलं, "ट्रेनिंग कुठं झालं?"

खोटं तोंडात येईना. "मेंढरांत," मी म्हणाले.

सगळं घर हसलं. मी खरं बोलले होते. आजारी मेंढरू एका अंगावर पडून राहिलं की आई आम्हा बहिणींना पाळ्या लावून द्यायची. थोड्या थोड्या वेळानं त्याची कूस बदलायची. नाहीतर खालची कातडी सडते, किडे पडतात. हे मी सातव्या वर्षी शिकले. पण हसून झाल्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं. चोवीस तास राहायला दुसरी बाई मिळत नव्हती.

मी आजींची कूस बदलायला घेतली की स्वयंपाकघरातून हाक यायची. "अगं, आधी पोळ्या टाक." मग फरशी. मग दुकानातून येणाऱ्या माणसांचा चहा. माझ्या हातच्या पोळ्या घराला चालायच्या. माझी ताटली मात्र वेगळी, गॅलरीत बादलीवर पालथी घातलेली.

चौथ्या आठवड्यात आजींची पाठ लाल दिसली. मी वहिनींना म्हणाले, "वहिनी, पाठ लाल झालीय. कूस बदलत राह्यलं नाय तर चिघळंल. मला दिवसभर हितंच बसू द्या."

"तू डॉक्टर आहेस का? माणूस आहे ते, तुझं मेंढरू नाही."

मी गप्प बसले. जाऊन पोळ्या लाटल्या. ते मला अजून सलतं. चूक त्यांची होती, पण गप्प मी बसले होते.

आणि आता आठ दिवसांनी माझ्यावर खापर. त्याच दुपारी ब्युरोच्या मॅडमला बोलावलं. आल्या आल्या म्हणाल्या, "हिला ट्रेनिंग नाही, मी आधीच सांगितलं होतं." चोराच्या उलट्या बोंबा. त्यांचाच ॲप्रन माझ्या अंगावर होता.

त्यांनी एक कागद वाचून दाखवला. माझ्या हलगर्जीपणामुळं आजींना जखम झाली. "सही कर, म्हणजे मिटलं. दुसरं घर देते तुला."

मी पेन हातात घेतलंही. काम गेलं तर खोलीही जाणार होती, कारण माझी खोली म्हणजे त्या पलंगाशेजारची सतरंजी. पण कागदावर पोळ्यांचा कुठं उल्लेख नव्हता.

"नाय करणार सही," मी म्हणाले.

"काय?"

"पाठ लाल झाली तवाच सांगितलं व्हतं. वहिनींना इचारा. मला पोळ्या लाटाय कुणी उठवलं ते बी लिव्हा ह्यात. मंग करते."

पाहुण्यांतली एक बाई वहिनींकडं बघायला लागली. वहिनी जमिनीकडं. "तुझं नाव कापलं," मॅडम म्हणाल्या. मी ॲप्रन काढून त्यांच्या हातात दिला. निघण्याआधी आजींना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. कुणी अडवलं नाही. पुढं त्यांचं काय झालं, मला कुणी कळवलं नाही.

दोन वर्षं लोकांची भांडी घासली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, गणितात एकदा आपटून. मग खरा सहा महिन्यांचा कोर्स. एक दिवस शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलावी. सगळ्या जणी वहीत उतरवत होत्या. माझं डोकं फिरलं. आईनं सांगितलं तर अडाणीपणा, फळ्यावर आलं की शिक्षण.

पण खोटं कशाला बोलू? नाडी बघणं मला येत नव्हतं. नळीतून भरवताना डोकं किती वर ठेवायचं, तेही माहीत नव्हतं. आणि आजींच्या आधीच्या घरांत मी नळी लावलेल्या दोघांना भरवलं होतं! माझ्या हातून कुणी गुदमरून गेलं असतं, तर ब्युरोनं असाच कागद पुढं केला असता.

परवा दुसऱ्या एका ब्युरोत गेले. तिथल्या मॅडमनं सर्टिफिकेट बघितलं, खूश झाल्या. "याची एक झेरॉक्स जास्तीची दे. नवीन बाई आलीय, तिला तुझ्या नावावर पाठवते. सगळ्याच देतात." नवीन बाई शेजारीच बसली होती. अजिंठ्याकडची, माझ्याच वयाची, गरजू.

मी तिला विचारलं, "नाडी बघाय येती का?"

"नाय."

"मंग आधी शीक. रोज संध्याकाळी माझ्याकडं ये, मी शिकवते. पण माझ्या नावावर नाय जायचं."

"तुला काम नकोय वाटतं," मॅडम म्हणाल्या.

काम मला पाहिजे होतं. लई पाहिजे होतं. पण झेरॉक्स दिली नाही. ती शिकायला आली तर आली. नाही आली तर मी तिच्या घरी जाईन. पण दुसरीच्या नावाआड लपवून कुणी तिला कुणाच्या आईचा जीव सोपवला, तर त्या घरी जाऊन सांगेन, हिला अजून येत नाही, आणि हे ब्युरोला माहीत आहे.