ओशुनसाठी चमचाभर मध

कॅरी या आमच्या अमेरिकी गावातल्या झाडांना उद्या मताचा अधिकार मिळाला, तर माझी घरमालकीण बिनविरोध महापौर होईल, याबद्दल माझ्या शास्त्रीय मनात तिळमात्र शंका नाही. ओकखाली गळून पडलेली फांदी उचलण्यापूर्वीही या बाईसाहेब ओकची परवानगी मागतात आणि उत्तर येईपर्यंत भर पावसात तिष्ठत राहतात. एकदा एका पाइनपुढे त्या इतका वेळ उभ्या होत्या, की गाडी बंद पडली असावी असं समजून शेजारचे काका जंपर केबल घेऊन धावले. "तो नाहीच म्हणतोय," बाईसाहेब खिन्नपणे उद्गारल्या. "बॅटरी असेल," काकांनी धीर दिला.

आफ्रिकेतून गुलाम करून क्युबात नेलेल्या माणसांनी आपल्या देवता मनात दडवून समुद्रापार नेल्या. त्यांतली नदीची देवी ओशुन बाईसाहेबांच्या आजीने फ्लोरिडापर्यंत आणली आणि नातीने थेट आमच्या गॅरेजपर्यंत. बाटल्यांच्या काचा, पितळी घंटा, आरसे आणि परवानगीप्राप्त लाकूड यांतून तिथे देवता आकार घेतात, आणि आमच्या गाड्या बारा महिने उन्हात तापतात. माझ्या पार्किंगच्या जागी मेघगर्जनेचा देव दुधारी कुऱ्हाड घेऊन उभा आहे. त्याला जरा सरकवावं असं मी सुचवलं, तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "मिहा, तूच विचार त्याला." मिहा म्हणजे पोरी. मी अजूनही गाडी रस्त्यावरच लावते.

ओशुनपुढे मध ठेवायचा, तर तो आधी स्वतः चाखायचा, हा त्यांचा अढळ नियम. कधीकाळी कुणीतरी देवीला मधातून विष घातलं होतं म्हणे. औषधांची शुद्धता तपासणं हा माझा पेशा असल्याने मला ही पद्धत अत्यंत तर्कशुद्ध वाटते. नागपूरहून आलेल्या माझ्या आईला ती वाटली नाही. चमचा तोंडाकडे जाताना दिसला मात्र, गॅरेज दणाणलं. "अहो बाई, नो, नो! फर्स्ट गॉड, देन यू! उष्टं होतं ना!"

"न चाखता देऊ?" बाईसाहेब किंचाळल्या. "जीव घ्यायचाय का तिचा?"

शेवटी मी उष्ट्याचं भाषांतर 'कंटॅमिनेशन' आणि चाखण्याचं 'क्वालिटी कंट्रोल' असं केलं, आणि दोन्ही पक्षांना आपणच जिंकल्यासारखं वाटलं.

आई परत गेली, हिवाळा सरला, आणि गावातल्या पार्कमध्ये ओढ्याकाठी बसवायची मोठी ओशुन तयार होऊनही गॅरेजातून हलेना. बाईसाहेब रोज नवी सबब सांगत: घंटा रुसल्यात, आरशाला सर्दी झालीय. मग एका सकाळी त्यांनी कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि समाधानाने ती पिऊन टाकली. मी मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली.

"हिवाळ्यात ताप आला ना, त्यानंतर चवच गेली, मिहा," कप खाली ठेवत त्या म्हणाल्या. "मध आणि गोंद मला आता सारखेच. न चाखलेला मध पुढे ठेवून तिला पाण्याकाठी कशी बसवू?"

"लॅबमध्ये तपासून आणते. एक रेणू सुटणार नाही."

"तुझं यंत्र तिच्यासाठी विष प्यायला तयार आहे का?"

मी चमचा घेतला.

ओशुन ओढ्याकाठी उभी राहिली, त्या दिवशी मीच मध चाखला. "डोंगरातल्या सावरवुड झाडांच्या फुलांचा असावा," मी सुरुवात केली, "किंचित जळक्या साखरेची छटा, शेवटी थोडा आंबूसपणा..."

"रिपोर्ट नको. गोड आहे?"

"आहे."

बाईसाहेबांनी वाटी देवीपुढे ठेवली आणि बराच वेळ ओढ्याकडे पाठ केली नाही.

आता दर शनिवारी आम्ही दोघी तिथे जातो. हल्ली त्या काही विचारत नाहीत. मी चमचा तोंडात घालते, त्या माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत राहतात, आणि मी मध गिळण्याआधीच त्यांचा घसा हलतो.