गादीच्या दुकानातली मांजर

मी मांजरवेडी वगैरे कधीच नव्हते. माझ्या माहेरी, धुळ्याला, आम्ही साधा पोपटही पाळला नव्हता. वडील गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. दिवसभर जनावरांचं करून आलेल्या माणसाला घरात आणखी एक जनावर नको असायचं. त्यामुळे लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी धुळ्याहून जळगावला एसटीत मांडीवर टोपली आणि टोपलीत मांजर घेऊन निघाले, याचं आश्चर्य सगळ्यात जास्त मलाच वाटलं.

कारण उंदीर. सासरचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे तयार गाद्या ठेवायची खोली, कडेला पत्र्याच्या शेडमध्ये कापूस पिंजायचं मशीन, आणि वर आम्ही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पण आमच्या गिऱ्हाइकांच्या घरात फोम अजून शिरला नव्हता. लग्नसराईत मुलीला द्यायच्या गाद्या, उशा आणि लोड यांनी मागची खोली छतापर्यंत भरायची. उंदीर नव्याकोऱ्या खोळीला भोक पाडायचे, कापूस उपसायचे आणि आत पिल्लं घालायचे. एकदा गिऱ्हाइकासमोर गादी उलगडली आणि आतून गुलाबी पिल्लं घरंगळत बाहेर आली. त्या दिवशी सासरे जेवले नाहीत.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. माझ्याशी ते थेट बोलत नसत. तशी रीतच होती. मी पदर सावरून समोर उभी असले तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग, चहा ठेव." मी ऐकलेलं असायचं, मी ऐकलंय हे त्यांना दिसलेलं असायचं, तरी सासूबाई मला तेच पुन्हा सांगत आणि मग मी चहा ठेवत असे. आता हसू येतं. तेव्हा डोकं तापायचं. माहेरी मी वडिलांशी वर्तमानपत्रातल्या बातमीवरून भांडणारी मुलगी. इथे माझ्या तोंडाला दिवसभर काम नव्हतं. नवरा दुकानात, सासूबाई देवळात नाहीतर शेजारी, आणि मी वर खोळी शिवत बसलेली.

मांजरीचं मी सासूबाईंकडे बोलले. धुळ्याजवळ एक पांजरापोळ होता. म्हाताऱ्या, लंगड्या गाईबैलांची ती जागा, वडील तिथे जखमा धुवायला जात. बदली झालेल्या कोणीतरी आपली पाळलेली मांजर तिथे फाटकाशी सोडून दिली होती. ती कडब्याच्या मागे दडून असायची आणि गुरांच्या पायांत जीव मुठीत धरून फिरायची. नानांना गादीवर मांजरीचे केस नको होते. पण उंदीर त्याहून नको होते. निकाल त्यांनी माझ्यासमोरच सासूबाईंना ऐकवला, "आणू दे. पन एक गादी जरी खराब करी, ते तिले परत धुळे धाडानं. सांग तिले."

सांगितलं गेलं.

बसस्टँडवर वडिलांनी टोपलीला सुतळी बांधता बांधता मला धडा दिला. आधी एकाच खोलीत ठेव. सगळं घर एकदम दाखवू नकोस. लपली तर लपू दे, ओढून काढायची नाही. खाणं रोज त्याच जागी, त्याच वेळी ठेव. तुझं जुनं लुगडं अंथरायला दे, म्हणजे तुझा वास ओळखीचा होईल. आणि तिच्याकडे टक लावून बघत बसू नकोस, तिला ते भांडणासारखं वाटतं. मी सगळं ऐकून घेतलं. मग मला एकदम रडायला आलं. माझ्या लग्नात या माणसाने मला सासरी कसं राहायचं याचं एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

जळगावात टोपली वरच्या लहान खोलीत उघडली. तिथे रिकाम्या खोळी आणि कापसाचा चुरा भरलेली पोती असायची. मांजर बाहेर आली, पोट जमिनीला घासत भिंतीच्या कडेने पळाली आणि लोखंडी पेटीच्या मागे गेली. त्यानंतर ती कोणालाच दिसली नाही. मी दूधपोळी ठेवायचे, सकाळी बशी रिकामी असायची, आणि मातीच्या घमेल्यात तिने तिचं काम उरकलेलं असायचं. मी पेटीपासून लांब, तिच्याकडे पाठ करून शिवायला बसायचे. शेजारच्या बायका बघायला येत आणि हात हलवत परत जात. "माहेरून काय आणलं गं, मांजर का बशी?" असं एकीने विचारलं. नानाही जेवताना म्हणाले, "मांजर कोठे शे? माले ते बशीच दिखस." सासूबाई हसल्या. मला हसू आलं नाही. त्या घरात मी माझी म्हणून आणलेली ती एकच गोष्ट होती आणि ती पेटीच्या मागून बाहेर यायला तयार नव्हती.

नवऱ्याने एकदा झाडूच्या दांड्याने तिला हुसकायला बघितलं. मी त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडले, की खाली पिंजणाचं मशीन चालू असताना नानांना ऐकू गेलं. मला वाटलं, आता सासूबाईंमार्फत माझी खरडपट्टी निघणार. पण सासूबाई वर आल्या त्या मुलालाच बोलल्या, "ऱ्हाऊ दे ना तिले. तिनं मन व्हई तव्हय येई." आणि दांडा घेऊन खाली गेल्या.

ती आली ती अशीच, काही विशेष न घडता. मी दुपारी खोळीला दोरा घालत होते आणि कोपराला काहीतरी लागलं. बघितलं नाही. वडिलांनी सांगितलं होतं ना. दोरा ओवत राहिले. मग तिने डोकं माझ्या दंडाला घासलं आणि घुरघुर सुरू केली. सुईत दोरा काही जाईना, कारण डोळ्यांत पाणी. करड्या रंगाची, एका कानाला खाच असलेली, हडकुळी मांजर. मला ती त्या क्षणी जळगाव जिल्ह्यात सगळ्यात देखणी वाटली.

पुढे तिला जिना कळला, मग मागची खोली कळली आणि उंदरांना ती कळली. नव्या गाद्यांच्या खोळी शाबूत राहू लागल्या. नानांनी उंदरांचे पिंजरे माळ्यावर टाकले. ती मात्र माझ्याखेरीज कोणाच्या हाती लागत नसे. आवाजही करत नसे. पांजरापोळात गप्प राहण्याची सवय लागली असावी. तिला आवडायची ती जागाही तशीच अंधारी. तयार गादी आम्ही गुंडाळून ठेवायचो. त्या वळकटीच्या मधोमध जी पोकळी राहते तिच्यात ती पार आतपर्यंत जाऊन झोपायची. मी एकदोनदा नवऱ्याला दाखवलंही. तो म्हणाला, "हिला बिळात राहायचंय आणि उंदरांना घराबाहेर काढायचंय."

वैशाखात पारोळ्याच्या एका घरची मोठी ऑर्डर निघाली. मुलीचं लग्न चारपाच दिवसांवर आलेलं. वळकट्या करून, धूळ बसू नये म्हणून वरून गोणपाट घालून, दोन्ही तोंडं दाभणाने शिवून टाकायची आमची पद्धत होती. नवऱ्याने आणि नानांनी मिळून घाईघाईत शिवल्या आणि संध्याकाळी टेम्पो गेला.

सकाळी बशी भरलेलीच होती.

मी पेटीच्या मागे बघितलं, माळ्यावर बघितलं, शेडमध्ये बघितलं. मग मागच्या खोलीत गेले. ती रिकामी झालेली बघितली आणि वळकटीतली तिची झोपायची जागा आठवली. मी पदराबिदराचं भान न ठेवता दुकानात, गिऱ्हाइकांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मांजर पारोळ्याला गेली. शिवलेल्या गोणीत."

नवरा म्हणाला, छे, कुठेतरी असेल. नानांनी त्याच्याकडे बघितलं. मग हातातला कापूस खाली ठेवला, खुंटीवरची टोपी घेतली, दाभण आणि सुतळी खिशात घातली. कात्री घेतली. सासूबाई जिन्यावरून म्हणाल्या, "तिलेबी लई जा. तुमना हातमा ती येणार नही." त्या 'तिले'मध्ये मी होते. मी धुळ्याहून आणलेली टोपली उचलली आणि नानांच्या मागे चार पावलं अंतर ठेवून स्टँडकडे निघाले.

पारोळ्याच्या बसमध्ये नाना पुढच्या बाकावर बसले, मी मागच्या. बाहेर ऊन रणरणत होतं. गोणपाटाच्या आत किती उकडत असेल एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती गेली असेल, असंही मनात आलं. मग नानांनी घातलेली अट आठवली. जिवंत असली, तरी रात्रभर कोंडलेली मांजर गादी स्वच्छ ठेवणार नव्हती. म्हणजे कशीही निघाली तरी ती माझ्या हातून गेलीच होती.

लग्नघरी मांडव घालणं चाललं होतं. वळकट्या आतल्या खोलीत भिंतीला उभ्या केलेल्या. मुलीच्या वडिलांना नानांनी सरळ सांगितलं. ते आधी हसले, मग त्यांचा चेहरा बदलला. "नाना, लगननी गादीमा मांजर?" मुलीची आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, रात्री काहीतरी खरवडत होतं, आम्ही म्हटलं घूस असेल. बघता बघता खोली बायकापोरांनी भरली.

नानांनी गुडघे टेकून एकेका वळकटीला कान लावला. माझ्या मनात आलं, हा माणूस आपल्या गिऱ्हाइकासमोर कधी खाली बसत नाही. तिसऱ्या वळकटीशी ते थांबले आणि गोणपाटाची शिवण कात्रीने उसवली. वास आलाच. मुलीच्या काकाने पुढे होऊन आत हात घातला, तसे नाना त्याच्यावर खेकसले.

"ओढानं नही तिले! बठ्ठा बाहेर व्हा. गर्दी करू नका."

बाहेर काढायला त्यांना वेळ लागला, पण काढलं सगळ्यांना. मग दार लोटून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तू बस आठे. मी तठे बसस."

त्यांनी खरंच दाराशी पाठ फिरवून बैठक मारली. मी वळकटीपाशी बसले. आत खूप खोलवर दोन डोळे होते. मी बघणं सोडलं, टोपलीत आणलेलं लुगडं पुढे पसरलं आणि उगाच त्याची दशी ओढत राहिले. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. बाहेर मांडवाच्या बांबूंवर ठोकाठोक चालली होती. मग सुतळीचे तुकडे अंगाला चिकटलेली, जीभ बाहेर काढून धापा टाकणारी मांजर सरपटत आली आणि माझ्या मांडीखाली तोंड खुपसून बसली. मी तिला कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी बोटाने पाजलं. नानांनी वळून बघितलं नाही. "उनी का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांच्या प्रश्नाला मी दिलेलं ते पहिलं थेट उत्तर.

गादी पार वाया गेली होती. खोळ डागाळलेली, कापसातही मुरलेलं. मुलीचे वडील बोलायला लागले ते थांबेचनात. माल असा द्यायचा का, पाहुण्यांना काय सांगायचं, मांजर निघाली म्हणजे अपशकुन. आत्याने त्यात भर घातली. मी टोपली पोटाशी धरून कोपऱ्यात उभी होते आणि नाना आता मांजरीवर, म्हणजे माझ्यावर, ढकलतील म्हणून वाट बघत होते. जळगावच्या बाजारात या माणसाच्या शिलाईला कोणी नावं ठेवत नसे. नानांनी टोपी काढून हातात घेतली.

"गोनी आम्हीच शिवी. आतमा देखं नही. चूक मनी शे," स्वतःच्या छातीकडे बोट करून ते म्हणाले. "हळदना आदुगर नवी गादी तुमना घर येई. मी सोता लई येसू."

बाकीच्या वळकट्या त्यांनी एकेक उघडून सगळ्यांना दाखवल्या आणि तिथेच बसून पुन्हा शिवल्या. खराब गादी त्यांनी खांद्यावर घेतली. मुलीच्या आईने चहा विचारला, तो नको म्हणाले. मला मात्र त्या बाईने आत नेऊन पाणी दिलं आणि मांजरीला वाटीभर दूध.

स्टँडवर सावलीला बाक होता. पारोळ्याहून एका दिशेला जळगाव आणि दुसऱ्या दिशेला धुळं. धुळं तिथून जवळही पडतं. जळगावच्या गाडीचा पत्ता नव्हता. धुळ्याची मात्र लागली आणि कंडक्टर ओरडायला लागला. नाना गादी टेकवून बसले होते, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. अट मला पाठ होती. त्यांना ती सासूबाईंमार्फत मला पुन्हा सांगायला लागू नये, म्हणून मीच उठले. टोपली उचलून म्हटलं, "नाना, धुळ्याची लागलीय. वडिलांकडे देऊन येते, ते पांजरापोळात पोचवतील. संध्याकाळपर्यंत परत येईन मी."

नानांनी गाडीकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं.

"तठे तिनं कोन शे?" ते म्हणाले.

तिथे तिचं कोण? माझं तर धुळ्यात सगळं माहेर होतं. तरी मी खाली बसले. धुळ्याची गाडी गेली. नानांनी टोपली माझ्याकडून मागून घेतली, स्वतःच्या मांडीवर ठेवली, आणि जळगावची गाडी येईपर्यंत तिच्या झाकणावरचा हात काढला नाही.