आतड्यातला बांध

पनवेलात पोटाच्या दवाखान्यात वीस वर्षं सिस्टर म्हणून काढली की किस्से साठतातच. माणूस बायकोला सांगत नाही ते आम्हाला सांगतो! मी काही मुद्दाम लक्षात ठेवत नाही हो. पण घरी फोडणी टाकताना एखादा आठवतो. कधी एकटीच हसते, कधी फोडणी करपते.

*

आमच्या सरांना पेशंटला समजावून सांगायची भारी हौस. प्रिस्क्रिप्शनच्याच कागदावर चौकोनांची एक ओळ काढायची आणि सुरू व्हायचं. "हे आतड्याचं अस्तर. पेशींची एकच रांग, बरं का! जंतू ओळखायचे, अडवायचे, त्यांच्यावर औषध सोडायचं, आतल्या फौजेला निरोप द्यायचा, सगळं ह्याच करतात."

एकदा पळस्प्याचा पेशंट तो कागद घेऊन केमिस्टकडे गेला. पाच मिनिटांत केमिस्टचा फोन.

"सिस्टर, गोळ्या दिल्या. पण ह्या विटा कुठून देऊ?"

*

खारघरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वॉचमनच की! माझे झोपलेत वाटतं. बदलून टाका."

"ते दर चार-पाच दिवसांनी आपोआप बदलतात," सर म्हणाले. "जुने गळतात, नवे येतात."

सेक्रेटरींनी लगेच मोबाईल काढला. "सर, एजन्सीचा नंबर द्या!"

*

पण सरांचं चित्र पहिल्या फटक्यात कळलं ते गव्हाणच्या दामूकाकांना. शाळा चौथीपर्यंत. काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आतड्याची जुनी सूज होती आणि अस्तर जागोजागी सोलवटलं होतं. सरांनी नेहमीप्रमाणे चौकोन काढले आणि त्यातले दोन खोडले.

काका कागदावर वाकले. "डाक्टर, ह्यो तर आमचा खारीचा बांध! भाइर खाडीचं पानी, आत भात. बांधाला खांड पडली का खारं पानी आत. शेत गेलं."

"खांड म्हणजे भगदाड ना? मग तुम्ही काय करायचात?"

"काय करनार? गडी खांडीत उभं ऱ्हायचं. येकच रांग, खांद्याला खांदा. पानी अंगावर घ्यायचं, तवर मागून चिखल."

"आनि चिखल कोन देत व्हतं?" काकी कॉटवरून ओरडल्या. "आमी बायाच ना!"

त्या दिवशी सरांनी केसपेपरवर चक्क लिहिलं, 'खांड दोन'. तो कागद मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेला, तर तिकडून विचारणा आली की ही नवी टर्म कुठल्या पुस्तकातली? सर म्हणाले, "गव्हाणच्या!"

*

काकींना दोन मुलगे. घराच्या वाटणीवरून चार वर्षं अबोला, आणि गावच्या घरात मधोमध भिंत. थोरला सकाळी भेटायला यायचा, धाकटा संध्याकाळी. सरांना सगळं दोनदा सांगावं लागायचं. माझं डोकं फिरायचं. एवढे घोडे झालेत, पण अक्कल?

दोन्हीकडून पेजेचे डबे यायचे. काकींना घोटभर उतरत नव्हती. मला जवळ बोलावून म्हणायच्या, "पोरी, दोनीबी तूच खा. पन सारखी खा. नायतर इचारतील, कोनाची जास्त खाल्ली!"

मी खाल्ली. रडत खाल्ली, खोटं कशाला सांगू.

एकदा डबा धुऊन ठेवत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मी हाय तवर येका दारानं येतात तरी. मी गेल्यावर गं?"

मी उगाच सलाईनची नळी नीट केली.

*

त्यानंतर एका सकाळी राउंडला काकांनी सरांना अडवलं. "डाक्टर, येक इचारू? तुमी बोलता पेशी चार-पाच दिसांत मरतात. मंग रोज मधली येक गेली का रोज खांड पडत आसंल?"

सर खूश! एवढा चांगला प्रश्न त्यांना एमबीबीएसच्या मुलांनीही विचारला नसेल. "नाही पडत, काका. तीच तर गंमत आहे. एखादी पेशी जायला निघाली की शेजारच्या दोघी खालून सरकतात, आधी एकमेकींना धरतात आणि मगच मधलीला सोडतात."



"मान्सापेक्षा शान्या हायत," काका एवढंच म्हणाले.

"काकींच्या आतड्यात आता तेच होत नाहीये," सर म्हणाले.

*

आठवड्याभरात काकींच्या आतड्यातले जंतू रक्तात गेले. सरांनी जे करता येईल ते सगळं केलं. मग काकांना बाहेर बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि आता काही हातात नाही म्हणून सांगितलं. ह्या वेळी कागद काढला नाही.

काकांनी दोन्ही मुलांना फोन लावला आणि दोघांना एकच वेळ दिली, दुपारचे तीन.

दोघे आले. एक कॉटच्या ह्या बाजूला, एक त्या. एकमेकांकडे बघायला तयार नाहीत. थोरल्याने आईचा उजवा हात धरला, धाकट्याने डावा. काकींचा श्वास लांबत चालला होता. मी मॉनिटरपाशी उभी होते.

काका पायथ्याशी होते. म्हणाले, "थांबा. तिला सोडू नका आजून."

"बा, आमी कुठं सोडतोय?" थोरला रडायला लागला.

"सोडावी लागनार हाय रं. पन आदी एकमेकांचा हात धरा. मंग तिला सोडा."

कोणी हललं नाही. मग धाकट्याने आपला मोकळा हात पुढे केला, काकींच्या पोटावरून.