मार्करखालचा देश

मार्करच्या शाईला एक गोडसर, डोक्यात चढणारा वास असतो, आणि माझ्या लहानपणाच्या सगळ्या संध्याकाळी त्या वासानं भरलेल्या आहेत. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातून अब्बा घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला पुठ्ठ्याचा, धुळीचा आणि वाटेत प्यालेल्या कडक चहाचा वास असायचा. पण त्या सगळ्यावर तरंगत असायची ती शाई. उजव्या अंगठ्याचं नख कायम काळं. शालेय साहित्य आयात करणाऱ्या एका गोदामात ते कामाला होते. परदेशातून आलेले नकाशे आणि पृथ्वीगोल दुकानांत जाण्याआधी त्यांच्यावरचं एक नाव काळ्या मार्करनं झाकून टाकायचं, हा त्या कामाचाच एक भाग होता. ते नाव इस्राएलचं. अमिरातीनं त्या देशाला मान्यता दिलेली नव्हती, म्हणून तो कागदावरही दिसायला नको होता.

स्टँड वाकडा निघाला म्हणून विकला न गेलेला एक पृथ्वीगोल अब्बांनी घरी आणला. भूगोल मी त्याच्यावरच शिकले. निळा समुद्र, पिवळं वाळवंट, गुलाबी भारत, आणि भूमध्य समुद्राच्या काठावर तो काळा, चकचकीत डाग. का कोण जाणे, अब्बा ती बाजू नेहमी भिंतीकडे करून ठेवायचे. मला मात्र त्या डागाचा अभिमान होता. इथे वाढलेली माझ्या वयाची मुलं आईबापांना इंग्रजीत उत्तरं देत होती तेव्हा मी मराठी शिकले ती पत्रकांवर. पनवेलचा मामा कुठल्या ना कुठल्या मोर्चात असायचा, आणि दर सुट्टीत खरखरीत गुलाबी कागदावर छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा तो माझ्या बॅगेत कोंबायचा. कामगारांची, धरणग्रस्तांची, पॅलेस्टाइनची. त्या वाक्यांना श्वास घ्यायला वेळ नसायचा. मलाही नव्हता. माझे अब्बा दिवसभर हातात मार्कर घेऊन एका अन्यायाला नकार देत आहेत, असं मी शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं.

मग एके दिवशी अब्बा काळ्या मार्करांचं न फोडलेलं खोकं घेऊन घरी आले. अमिराती आणि इस्राएलमध्ये करार झाला होता. मॅनेजरनं गोदामाच्या दारातूनच सांगितलं होतं, "खलास हुसेनभाई, अब नहीं करना. यल्ला, चलो, दुसरा काम देखो." बस्स, एवढंच. इतक्या वर्षांच्या नकाराची समाप्ती चहाच्या सुट्टीआधी झाली. त्या हिवाळ्यात दुबई मरीनाच्या पाण्यावर उंच इमारतींचे दिवे थरथरत होते आणि काठावरच्या उपाहारगृहांतून हिब्रू ऐकू येत होती. त्या झगमगाटाचा मला संशय आला. जो देश कालपर्यंत नव्हताच, तो आज दुपारच्या विमानानं उतरत होता. आणि ज्यांच्या नावानं त्याला नाकारलं होतं, त्यांचं काय झालं हे कुणी विचारत नव्हतं. पुढे गाझावर बॉम्ब पडू लागले, आणि विमानं येतच राहिली.

त्यातल्याच एका विमानानं रिबका आली.

रिबका ही अब्बांची गावची शेजारीण. अलिबागजवळच्या त्यांच्या गावात तिच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. यहुदी असल्यामुळे शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण, आणि त्या कुंपणात ये-जा करून पडलेलं खिंडार. विशीत ती सगळ्या कुटुंबाबरोबर इस्राएलला, अश्दोद शहरात गेली. पुढे अब्बा इथे आले, आणि इथून तिकडे फोनच लागत नसे. गावची फुफू, म्हणजे अब्बांची बहीण, दोन्हीकडचे निरोप पोचवायची : हुसेनला मुलगी झाली, रिबकाचा नवरा गेला. आता ती एका सहलीबरोबर येणार होती आणि शनिवार सोडून कधीही चालेल म्हणत होती. अब्बांनी रविवार ठरवला आणि मला म्हणाले, "तू घरी असलीस तर बरं."

मी तीन अटी घातल्या. फोटो नाही, शांतीबिंतीची भाषणं नाहीत, आणि मला जे विचारायचं ते मी विचारणार. अब्बा पोहे निवडत होते. त्यांचे हात थांबले, आणि ही भेट मोडण्याची ताकद माझ्याकडे आहे हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

रविवारी दुपारी कोवळं, पांढुरकं ऊन खिडकीत आलं होतं. ठेंगणी, गुडघे दुखणारी, पांढऱ्या केसांची बाई दारात उभी राहिली, अब्बांकडे बघून म्हणाली, "काय रे हुसन्या, टकल्या झालास की!" आणि माझे कमी बोलणारे अब्बा चप्पल उलटी घालून तिच्या स्वागताला धावले.

"सहलीतली एक पोरगी कॅमेरा घेऊन मागं लागली होती," ती बसता बसता म्हणाली, "बिछडलेले शेजारी, व्हिडिओ करू म्हणून. मॉलमध्ये दिली सोडून."

माझी पहिली अट तिनं न ऐकताच पाळली होती. मला ते आवडलं नाही. तयारी करून आली असेल, असं वाटलं. तिनं आमच्या स्वयंपाकघरात पोहे भिजवले, ओलं खोबरं आणि गूळ कालवला, वेलची कुटली. हा त्यांचा मलिदा. प्रवास सुखरूप झाला की करायचा. त्या वासानं अब्बांचे डोळे भरून आले, आणि मी खिडकीशी हातांची घडी घालून उभी राहिले. तिच्या प्रत्येक वाक्यामागे मी दुसरं वाक्य शोधत होते.

शेवटी विचारलंच. "तुमच्या घरचं कुणी सैन्यात आहे?"

अब्बांनी वाटी खाली ठेवली.

"नातू आहे," ती म्हणाली. "धाकटा. कुठं आहे ते सांगत नाय. मी पण विचारत नाय."

"का नाही विचारत?"

"त्यानं खरं सांगितलं तर?"

"तुम्ही अश्दोदला राहता. तिथे आधी इस्दूद नावाचं पॅलेस्टिनी गाव होतं."

"ठाऊक आहे गं. शहराबाहेर पडक्या भिंती आहेत, निवडुंग आहे. बसमधून दिसतात." मग ती म्हणाली, "वारा तिकडून असला की गाझातले आवाज पण येतात. आता काय म्हणू तुला? येतात."

माझा संशय खरा ठरला होता. मी त्या खरेपणाची वाट बघत होते, आणि तो आला तेव्हा त्याचं काय करायचं ते मला सुचेना. ती उठली, बहुधा माझ्या नजरेपासून दूर जायला, आणि कोपऱ्यातला पृथ्वीगोल तिनं सहज फिरवला. भिंतीकडची बाजू समोर आली.

"माझं घर कुठं गेलं रे हुसन्या?"

"मीच खोडलंय," अब्बा म्हणाले. त्यांची मान खाली होती. "कामच होतं ते."

ती त्या डागाकडे बघून हसली. "चांगलं जाड खोडलंस. कामचुकार नव्हतासच कधी. खोबरेल आण. तेल्याची पोर आहे मी, शाई तेलानं निघते."

तेलात भिजवलेल्या फडक्यानं ती अगदी हलक्या हातानं पुसू लागली. काळेपणा पातळ झाला, मग तपकिरी, आणि त्यातून अक्षरं वर येऊ लागली. तिच्या देशाची पहिली दोन. तेव्हा मला दिसलं, की डागाची कड खाली, समुद्राला लागून असलेल्या चिंचोळ्या पट्टीवरही गेली होती. देश लहान, मार्करचं टोक जाड. अब्बांच्या हातून गाझाही झाकलं गेलं होतं. ज्या डागाचा मला अभिमान होता, त्याच्याखाली इतकी वर्षं तेही होतं. आणि ही बाई आपल्या घरापुरतं पुसून थांबेल, याची मला खात्रीच वाटली.

मी तिच्या हातातून फडकं ओढून घेतलं.

"हळू, पोरी," ती म्हणाली. "जुना कागद आहे."

मी हळू नव्हते. अंगठ्यानं दाबून घासत राहिले. एक क्षण, खरंच एकच क्षण, दोन्ही नावं शेजारीशेजारी दिसली, तेलात ओली, स्वच्छ. मग कागदाचा पापुद्रा सुटला आणि दोन्ही माझ्या फडक्यात आली. पृथ्वीवर नखाएवढी पांढरी जागा उरली.

थोड्या वेळानं रिबकानं मलिद्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी ती घेतली नाही, आणि परतही केली नाही. जाताना तिनं अब्बांच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मला म्हणाली, "मला विचारलंस ते बरं केलंस. घरी कुणी विचारत नाय."

हेसुद्धा ती कशासाठी म्हणाली, याचा मी अजून विचार करते.

ती गेल्यावर अब्बांनी बारीक टोकाचं पेन माझ्यासमोर ठेवलं. "लिही. तुझं अक्षर बारीक आहे." पत्रकांवर शंभरदा लिहिलेली नावं मला पाठ होती. मी पेन त्या पांढऱ्या जागेवर धरलं, आणि टोकाच्या सावलीनंच ती जागा भरून गेली.

पेन तसंच मिटवून ठेवलं. अब्बांनी पृथ्वीगोल भिंतीकडे फिरवला नाही. संध्याकाळी अजान झाली, ऊन विरलं, घरात वेलचीचा वास रेंगाळत राहिला. तिची वाटी घासताना माझ्या उजव्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. नखात काळी शाई होती. साबणानं कितीतरी वेळ घासली. मग मी नळ बंद केला, आणि ओला अंगठा तसाच नाकाशी नेला.