न वाजवता पेटी घेणारं गिऱ्हाईक

आमच्या लालबागच्या चाळीत वाजवून बघितल्याशिवाय कुणी पेटी घेत नाही. मी माझी जुनी पेटी ऑनलाइन विकायला काढली, तर लगेच एकाचा फोन.

"काका, बघायला कशाला येऊ? कोड पाठवलाय, स्कॅन करा, पैसे खात्यात येतील."

त्याच खात्यात बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे होते.

"अहो, न वाजवता पेटी घेणारा माणूस आहे की भूत?" बायको कुजबुजली.

कोड स्कॅन केला की पैसे येत नाहीत, जातात, हे मीही ओळखलंच होतं. "आधी ऐक!" म्हणत फोन पेटीवर ठेवला आणि भजनाचा असा गजर धरला की परळचा पूल हलला. चाळीतलं अख्खं भजनी मंडळ धावत आलं. स्कॅनच्या आशेने फोन धरून बसलेला तो चोर तिसऱ्या अभंगाला रडकुंडीला आला, "काका, पेटी नको, सोडा मला!"

ऑपरेशन झक्कास झालं. आता न विकलेल्या पेटीवरची धूळ बायकोला दारातूनच दिसते.