धुतल्या बाजूची अध्यक्षीण

घडीबाईचं खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालाही क्षणभर थांबावं लागत असेल. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्यात तिची हयात गेली, आणि ती खोड हातांबरोबर घरी येऊन राहिली. शेजारणीकडे गप्पा मारायला बसली, तरी उठताना शेजारणीचे टॉवेल चौकोनी झालेले असायचे. एकदा सासरे पेपर वाचता वाचता पेंगले, तर हिनं मधलं पान घडी घालून कपाटात ठेवलं. म्हातारा दिवसभर अर्धी बातमी शोधत फिरला. अशी ही बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला धुलाईघराच्या कामगार संघटनेची अध्यक्ष केलं ते तिच्या दिरानं.

दीर त्याच धुलाईघराची गाडी चालवायचा. काही माणसांच्या अंगात वारं येतं, याच्या अंगात निवडणूक आली होती. स्वतः उभा राहिला असता तर अनामत गेली असती हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यानं वहिनीला उभं केलं.

निवडणूक कुणाविरुद्ध, हे कळायला धुलाईघर कळायला हवं. त्याच्या मधोमध एक भिंत. भिंतीच्या एका अंगाला मळकी बाजू: वॉर्डांतून आलेली रक्ताची, ओकारीची, औषधांची कापडं तिथे हातानं निवडायची आणि मशीनमध्ये भरायची. दुसऱ्या अंगाला धुतली बाजू: तिथे तीच कापडं बाहेर काढायची, इस्त्री आणि घड्या करायच्या. मशीनं भिंतीतच बसवलेली, प्रत्येकाला दोन दारं. एक उघडं असलं की दुसरं उघडत नाही. जंतूंनी भिंत ओलांडू नये म्हणून माणसांनीही ओलांडायची नाही. त्यामुळे एकाच छपराखाली केस पिकलेली माणसं एकमेकांना आवाजानंच ओळखत. मशीन रिकामं करून दार लावलं की धुतल्या बाजूनं पत्र्यावर दोन थापा मारायच्या, मळक्या बाजूनं एक उलट थाप द्यायची. तसा दार लागल्याचं सांगणारा हिरवा दिवा होता, थापेवाचून काही अडत नव्हतं. पण दिव्याशी कोण बोलणार?

मळक्या बाजूला तोफ होती. तिची शिंकसुद्धा भिंतीपलीकडे ऐकू जायची, म्हणून हे नाव. संघटनेची अध्यक्ष तीच, किती तरी वर्षं. तिच्याविषयी धुतल्या बाजूची तक्रार एकच: ही व्यवस्थापकांच्या खोलीत जाते, दार लावून बोलते, आणि बाहेर येऊन म्हणते, "काही नाही, चालू द्या काम."

प्रचाराच्या सभेत दिरानं घडीबाईला कपड्यांच्या ढकलगाडीवर चढवलं. खालून दीर कुजबुजला, आणि तिनं ते मोठ्यानं म्हटलं, "ज्यांचे हात मळके, त्यांचा कारभार धुतलेला कसा असेल?"

हशा पिकला. धुतल्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट केला. वाक्य दिराचं होतं, पण ते म्हणताना आलेली मजा मात्र बाईची स्वतःची होती.

ती थोडक्या मतांनी निवडून आली. दुसऱ्या दिवशी तिनं मशीनचं दार लावून दोन थापा मारल्या. पलीकडून काहीच आलं नाही. हिरवा दिवा लागला, मशीन फिरायला लागलं. त्या दिवसापासून भिंत मुकी झाली.

मग व्यवस्थापकांचं बोलावणं आलं. माणूस गोड. स्वतः उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला. म्हणाले, मळके कपडे निवडायचं काम आम्ही बाहेरच्या ठेकेदाराला देतोय. त्या बाजूच्या माणसांना जावं लागेल. "तुमच्या बाजूचं एकही माणूस हलणार नाही, हा माझा शब्द. संघटनेची तेवढी संमती हवी. अडवलंत, तर मात्र मी कुणाचीच हमी देऊ शकत नाही."

संध्याकाळी दीर घरी आला तो उड्या मारतच. "वहिनी, सुंठीवाचून खोकला गेला! तोफ गेली, तोफखाना गेला. पुढच्या खेपेला तुमच्यासमोर उभं राहायला कुणी उरतच नाही."

"भाऊजी, माणसं घरी बसतील हो."

"त्यांनी तुम्हाला मत दिलं होतं?"

घडीबाईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि घरात तोंड उघडायचा ते फक्त मीठ कमी पडलं तर. त्यानं भिंग डोळ्यावरून न काढता विचारलं, "पण आता ही कुणाची अध्यक्ष आहे? अर्ध्या छपराची?"

"दादा, तुम्ही काटे फिरवा," दीर म्हणाला. "राजकारण तुमचा प्रांत नाही."

घडीबाई उशीचा अभ्रा मांडीवर घेऊन बसली होती. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. त्या दिवशी तिची घडी जुळलीच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं पांढरा झगा काढून खुंटीला लावला, आवारातून वळसा घातला आणि जन्मात पहिल्यांदा मळक्या बाजूच्या दारात उभी राहिली. आधी वासानं तिला थोपवलं. मग उकाड्यानं. लांब टेबलावर गाठोडी सोडलेली, माणसांच्या हातांत कोपरापर्यंतचे जाड मोजे, त्यांना जागोजागी चिकटपट्ट्या. खिडकीत चादरींतून सापडलेल्या वस्तू मांडलेल्या: दोन चष्मे, एक कवळी, तान्ह्या मुलाचं टोपरं. सगळ्या आपापल्या वॉर्डात परत जायला निघालेल्या.

तोफ उठली नाही. "या अध्यक्षीणबाई. कशाला हात लावू नका बरं, मळाल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. घडीबाईनं ऐकून घेतलं. मग व्यवस्थापक जे बोलले ते सगळं सांगितलं, जसंच्या तसं.

तोफ चादर झटकत राहिली. "चहाबरोबर बिस्किटं दिली का?"

"नाही."

"मला दिली होती. गेल्या वर्षी. म्हणाला, घड्या घालणारं मशीन आणतोय, धुतल्या बाजूची माणसं लागणार नाहीत. तुमच्या बाजूचं एकही माणूस हलणार नाही, हा माझा शब्द. मी म्हटलं, तुमचा शब्द तुमच्या बिस्किटाबरोबर बुडवा."

घडीबाई मटकन खाली बसली, ती नेमकी मळक्या गाठोड्यावर. "ताई, मग आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? तुमच्यातल्या निम्म्या दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभ्या राहिल्या असत्या, आम्हाला तेवढं ठेवा म्हणत. भ्यालेलं माणूस सही लवकर करतं."

आता तोफेच्या तोंडचं सगळंच प्रमाण मानावं, असं नव्हे. तिच्या मूतखड्याचा आकार मिरीपासून सुरू होऊन लिंबापर्यंत गेलेला सगळ्यांनी ऐकला होता. खरं की खोटं, बंद दाराआडचं कोण सांगणार? पण आपल्याला दिलेला शब्द तिच्या तोंडून तसाच्या तसा ऐकल्यावर घडीबाई गाठोड्यावरून उठली.

"माझ्याबरोबर साहेबांकडे याल?"

"येईन. आधी ते वाक्य परत घे. इथे माझ्या कानात नको. जिथे चढून बोललीस, तिथे चढून."

घरी दीर उसळला. "वाक्य परत? वहिनी, त्या वाक्यावर तर निवडून आलात! लोक म्हणतील, थुंकलेलं चाटलं."

"थुंकले होतेच ना, भाऊजी."

सभेला दोन्ही बाजू आल्या, आवारात, दोन वेगळ्या घोळक्यांत. ढकलगाडीवर चढायला या वेळी कुणी हात दिला नाही. बाई गुडघा टेकवून चढली. दीर फाटकापाशी हाताची घडी घालून उभा.

"मळक्या हातांचं मी जे बोलले, ते वाईट बोलले," ती म्हणाली. "कुणी शिकवलं ते सोडा, तोंड माझं होतं. मी घडी घालते ती प्रत्येक चादर आधी त्यांच्या हातातून येते. घाण त्यांच्या वाटणीला गेली म्हणून माझे हात पांढरे राहिले. मी शब्द परत घेते, आणि त्यांची माफी मागते."

मग तिनं व्यवस्थापकांचा देकार सांगितला. सही करणार नाही, म्हणाली, आणि बोलणी करायला तोफेला बरोबर नेणार.

धुतल्या बाजूची एक इस्त्रीवाली ओरडली, "म्हणजे आमच्या नोकऱ्या पणाला लावणार? त्यांच्यासाठी?"

बाईला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "आपल्याही जाऊ शकतात."

हात वर करा म्हटल्यावर मळक्या बाजूचे सगळे वर गेले. धुतल्या बाजूचे चुकतमाकत, एकमेकींकडे बघत. काही गेलेच नाहीत. इस्त्रीवालीचा हात खांद्यापर्यंत येऊन केसांवरून फिरला आणि खाली गेला. ठराव जेमतेम निघाला. दिरानं गाडी सुरू केली आणि वहिनीकडे न बघता फाटकाबाहेर काढली.

व्यवस्थापकांनी दोघींसाठी चहा मागवला. दोघींनीही कपाला हात लावला नाही. "दोन्ही बाजू राहतील, नाहीतर कुठलीच सही नाही," घडीबाई म्हणाली, आणि तोफ आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प बसली. साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. शेवटी म्हणाले, ठेक्याचं सध्या थांबवू. 'सध्या' या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला.

जिन्यात तोफ म्हणाली, "हुरळून जाऊ नकोस. पुढच्या निवडणुकीला मी तुला पाडणार."

"पाडा. पण पाडायला धुलाईघर राहू दे."

दीर अजून घरी येत नाही. आपलं बंद पडलेलं घड्याळही भावाकडे दुसऱ्याच्या हाती पाठवतो, आणि भाऊ ते दुरुस्त करून तसंच परत पाठवतो. बाईनं दिराच्या वाटणीची खुर्ची अजून भिंतीला लावून ठेवलेली नाही.

त्या दिवशी साहेबांकडून परतल्यावर तिनं झगा चढवला, मशीन रिकामं केलं, दार लावलं, आणि जुन्या सवयीनं दोन थापा मारल्या. हिरवा दिवा लागला. पलीकडे काही नाही. ती चादर उचलायला वळली, तेवढ्यात पत्र्यावर एक थाप बसली. शिवी हासडल्यासारखी, अख्खी भिंत हादरेल अशी. ओळीतल्या सगळ्या बायका दचकल्या.

घडीबाईनं चादरीचं एक टोक इस्त्रीवालीकडे दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघी मागे सरकल्या.